आयर्लंड बदलला, तेव्हा बोटीनं गेलेल्यांना काय वाटलं?

मार्च १९९१. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर सेंट पॅट्रिक्स डेची मिरवणूक निघाली होती. अमेरिकेतल्या आयरिश माणसांचा हा वर्षातला सगळ्यात मानाचा दिवस, आणि या मिरवणुकीची परंपरा थेट १७६२पर्यंत मागे जाते. त्या वर्षी शहराचे महापौर डेव्हिड डिंकिन्स यांनी पुढची मानाची जागा सोडली आणि ते मागच्या एका छोट्या गटाबरोबर चालले. तो गट आयरिश समलिंगी स्त्री-पुरुषांचा होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोकांनी हुर्यो उडवली, शिव्या घातल्या, बिअरचे डबे फेकले. पुढच्या वर्षीपासून त्या गटाला मिरवणुकीत बंदी झाली. आपण कोण आहोत हे सांगणारा फलक घेऊन समलिंगी आयरिशांना त्या रस्त्यावरून चालता यायला दोन दशकांहून जास्त काळ जावा लागला.

आता १९९२ पाहू. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात सेंट पॅट्रिक्स डेच्याच मिरवणुकीत तिथल्या समलिंगी स्त्री-पुरुषांचा गट उघडपणे सामील झाला आणि सर्वोत्तम नवा सहभाग म्हणून बक्षीसही घेऊन गेला. तेव्हा आयर्लंडमध्ये पुरुषांमधले समलिंगी संबंध कायद्यानं गुन्हा होते. तो कायदा गेला १९९३ साली.

हे उलटं कसं झालं? जे मोकळ्या शहरात गेले ते जुन्याला धरून बसले, आणि जे त्या जुन्या गावात राहिले ते पुढे सरकले. याचं एक पटकन सुचणारं उत्तर असतं: बाहेर गेलेले लोक दुटप्पी असतात, स्वतः सुखात राहतात आणि मागच्यांनी मात्र परंपरा सांभाळावी असं त्यांना वाटतं. मला हे उत्तर अपुरं वाटतं आणि अन्यायाचंही वाटतं. मायदेश बदलताना पाहून परदेशी गेलेल्या माणसाच्या मनात आनंद, अभिमान, राग, परकेपणा आणि दुःख एकाच वेळी उठतात, आणि यातली प्रत्येक भावना कुठून येते ते शोधता येतं. त्यासाठी आयर्लंडइतका चांगला नमुना मला दुसरा दिसत नाही. इथं आधी दीडशे वर्षं माणसं बाहेर गेली आणि मग जेमतेम एका पिढीत देश ओळखू न येण्याइतका बदलला.

किती गेले, कसे गेले

१८४५ साली बटाट्यावर रोग पडला आणि त्यानंतरच्या काही वर्षांच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, आणखी दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. १८४१च्या जनगणनेत बेटावर ८१ लाखांहून जास्त लोक होते. पुढे दुष्काळ सरला, पण जाणं थांबलं नाही. शेत एका मुलाला, हुंडा एका मुलीला, आणि बाकीच्या भावंडांना बोटीचं तिकीट, अशी घराघरातली रीतच होऊन गेली. स्वतंत्र झालेल्या आयर्लंडची लोकसंख्या १९६१ साली २८ लाखांवर आली होती. एकट्या १९५०च्या दशकात, आलेले वजा केले तरी, चार लाखांहून जास्त माणसं गेली. त्यातले बहुतेक इंग्लंडला.

अमेरिकेला जाणाऱ्यासाठी आदल्या रात्री घरात जागरण होई. त्याला ‘अमेरिकन वेक’ म्हणत. ‘वेक’ हा शब्द मयताच्या घरी रात्रभर जागण्यासाठी वापरला जातो. म्हणजे जिवंत माणसाला निरोप देताना घर त्याचं सुतक पाळत होतं. जाणारा परत येणार नाही हे दोघांनाही माहीत असे. हा तपशील लक्षात ठेवायला हवा, कारण पुढच्या सगळ्या गुंत्याचं मूळ यात आहे: ज्याला कायमचा निरोप दिला, त्याच्या डोळ्यांत घर त्या रात्री होतं तसंच राहतं.

कुकरची शिट्टी

१९३७च्या आयरिश घटनेत कॅथलिक चर्चला ‘विशेष स्थान’ दिलेलं होतं. घटस्फोटाला घटनेतच मनाई होती. गर्भनिरोधक साधनांच्या विक्रीवर १९३५पासून बंदी होती. सरकारी नोकरीतल्या स्त्रीनं लग्न केलं की नोकरी सोडायची, हा नियम १९७३पर्यंत चालला. लग्नाआधी गरोदर राहिलेल्या मुलीला माता-बाल गृहात किंवा मॅग्डलेन लाँड्रीत नेऊन ठेवत. नन्स चालवत असलेल्या या धुलाईगृहांत मुली आणि बायका बिनपगारी राबत.

असं सगळं घट्ट असताना वाफ साठून भांडं फुटायला हवं होतं. ते फुटलं नाही, कारण शिट्टी उघडी होती. इंग्लंडची बोट रोज सुटत होती. ज्या तरुणाला गावातल्या पाद्र्याचा जाच होई तो जाई. जिचं लग्न मोडलं ती जाई. समलिंगी माणूस जाई. दिवस गेलेली मुलगी जाई, आणि अशा इतक्या मुली इंग्लंडमध्ये पोचत की तिथल्या समाजसेविकांच्या फायलींत त्यांच्यासाठी ‘पी. एफ. आय.’ अशी तीन अक्षरंच ठरून गेली होती. अर्थ, आयर्लंडहून आलेली गरोदर. ज्यांनी भांडून देश बदलला असता, त्यातले कितीतरी जण देशातच नव्हते. मागे राहिलेल्यांत शेताचा वारस होता, म्हातारे आईबाप होते आणि ज्यांचं बरं चाललं होतं ते होते. आयर्लंडचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट पुन्हा पुन्हा नोंदवली आहे.

राज्यकर्त्यांनाही हे सोयीचं होतं. १९८७ साली बेकारीनं पुन्हा तरुणांचे लोंढे बाहेर जात होते, तेव्हा परराष्ट्रमंत्री ब्रायन लेनिहन एका अमेरिकी साप्ताहिकाला म्हणाले की शेवटी एवढ्याशा बेटावर आपण सगळेच काही राहू शकत नाही. जे गेले होते त्यांना हे वाक्य आजही तोंडपाठ आहे.

या शिट्टीचा सगळ्यात उघड पुरावा १९९२मधला आहे. बलात्कारातून गरोदर राहिलेली चौदा वर्षांची मुलगी गर्भपातासाठी आईवडिलांबरोबर इंग्लंडला गेली, आणि आयरिश सरकारच्या महाधिवक्त्यानं कोर्टाचा हुकूम आणून तिला अडवलं. देश हादरला. सर्वोच्च न्यायालयानं तो हुकूम रद्द केला. नोव्हेंबरमध्ये सार्वमत झालं आणि घटनेत दुरुस्ती झाली: परदेशी जाण्याचं स्वातंत्र्य कुणाचंही अडवलं जाणार नाही. गर्भपातावरची बंदी मात्र होती तशीच राहिली. म्हणजे इथं नको, पण तिकडे जायला हरकत नाही, ही गोष्ट घटनेतच लिहून ठेवली गेली. १९८० ते २०१६ या काळात इंग्लंड आणि वेल्समधल्या दवाखान्यांत आयर्लंडचा पत्ता देऊन गर्भपात करून घेतलेल्या स्त्रियांची संख्या १ लाख ७० हजारांवर जाते. एवढ्या बायकांचं दुःख बोटीनं आणि विमानानं बाहेर गेलं, म्हणून देशाला ते इतकी वर्षं पाहावं लागलं नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. २२ मे १९७१ रोजी डब्लिनमधल्या काही बायका रेल्वेनं ब्रिटनकडे असलेल्या उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला गेल्या, जिथं ही बंदी नव्हती, तिथून गर्भनिरोधक साधनं घेतली आणि परत येताना कस्टमच्या लोकांसमोर उघडपणे हातात धरून दाखवली. बरोबर ४४ वर्षांनी, २२ मे २०१५ रोजी, याच देशानं समलिंगी विवाहाला सार्वमतानं मान्यता दिली. जनतेच्या मतदानातून असा निर्णय घेणारा जगातला पहिला देश आयर्लंड ठरला.

मधल्या काळात काय झालं? १९६७पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं. १९७३ साली देश युरोपीय आर्थिक समुदायात गेला. चर्चच्या आतली प्रकरणं एकामागून एक बाहेर येऊ लागली. आणि १९९०च्या दशकात भरभराट झाली तेव्हा तरुण मुलं घरी राहू लागली, गेलेली परतू लागली. माझ्या मते हा शेवटचा मुद्दा फार मोठा आहे. शिट्टी बंद झाली आणि वाफ आतच राहिली. १९९५ साली घटस्फोटाचा प्रश्न जेमतेम ९,११४ मतांनी सुटला. २०१५च्या सार्वमतात ६२ टक्के बाजूनं होते. २०१८ साली गर्भपातावरची घटनात्मक बंदी उठवायला ६६ टक्क्यांहून जास्त लोकांनी होकार दिला. १९८३ साली जवळजवळ तेवढ्याच टक्क्यांनी ती बंदी घटनेत घातली होती.

आता हे सगळं लंडनच्या किलबर्नमध्ये किंवा बॉस्टनमध्ये बसून पाहणाऱ्या सत्तरीतल्या बाईच्या जागी उभं राहून पाहा. तिला आनंद होतो, आणि त्या आनंदाच्या पोटातच एक प्रश्न असतो: हे होऊ शकत होतं, तर मग मला का जावं लागलं? ज्या कारणासाठी तिनं आई, गाव, भावंडं सोडली ते कारणच आता उरलेलं नाही. तिचं सोडणं मात्र पुसलं जात नाही. बाहेरच्यांना हा कडवटपणा वाटतो. मला तो साधा हिशेब वाटतो. मागच्यांची शांतता ज्यांच्या जाण्यानं टिकली, त्यांना बदलाची फळं मिळाली नाहीत.

थांबलेलं घड्याळ, पण प्रत्येकाचं वेगळ्या वेळेला

न्यूयॉर्कच्या मिरवणुकीकडे परत येऊ. तिथं भांडणारे दोन्ही गट आयरिशच होते, पण ते निघाले होते वेगवेगळ्या वर्षांतून. डिंकिन्स ज्यांच्याबरोबर चालले त्यांत १९८०च्या दशकात आलेली तरुण मुलंमुली बरीच होती. त्या लाटेतले पुष्कळ जण कागदपत्रांविना राहत होते, आणि १९९०च्या कायद्यानं आयरिशांसाठी राखीव व्हिसा मिळाल्यावर त्यांतले हजारो सुटले. मिरवणुकीची सूत्रं ज्यांच्या हातात होती ती ‘एन्शंट ऑर्डर ऑफ हायबर्नियन्स’ ही जुनी कॅथलिक संघटना. तिच्यात आधीच्या पिढीतले स्थलांतरित आणि अमेरिकेत जन्मलेली त्यांची मुलं-नातवंडं.

देश सोडतो त्या दिवशी माणसाचं मायदेशाचं घड्याळ थांबतं, हे बऱ्याच जणांनी म्हटलेलं आहे. त्यात भर एवढीच की ते प्रत्येकाचं वेगवेगळ्या वर्षी थांबतं. १९५५ साली निघालेल्याचा आयर्लंड, १९८६ साली निघालेलीचा आयर्लंड आणि २०११ साली सिडनीला गेलेल्या इंजिनिअरचा आयर्लंड हे तीन वेगळे देश आहेत. ‘परदेशस्थ आयरिशांना काय वाटतं’ असा एकच प्रश्न विचारला की तीन उत्तरं येणार.

शिवाय घरी राहणाऱ्याला आयरिश असण्यासाठी काही करावं लागत नाही. तो चर्चला गेला नाही, आयरिश भाषा विसरला, तरी आयरिशच असतो. परक्या देशात मात्र ओळख रोज उभी करावी लागते, आणि ती उभी करायला हाताशी असतं ते सोबत आणलेलं सामान: प्रार्थना, नाच, गाणी, सण. त्यात एक वस्तू बदलली तरी सगळंच ढासळेल अशी भीती वाटते. १९व्या शतकात अमेरिकेत कॅथलिक म्हणून हिणवलं गेलेल्या समाजासाठी फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर थेट कॅथेड्रलसमोरून छाती काढून चालणं ही मिळवलेली प्रतिष्ठा होती. मी फेकलेल्या डब्यांचं समर्थन करत नाही. ज्यांच्यावर ते फेकले गेले तीही आयरिश मुलंच होती आणि त्यांतल्या अनेकांना घर सोडावं लागलं होतं ते याच कारणासाठी. पण त्या रागाच्या खाली काय होतं हे कळलं, तर पुढच्या माणसाशी बोलायला जागा राहते.

उलट दिशेनंही काही वाहत होतं. समाजशास्त्रज्ञ पेगी लेविट यांनी १९९८ साली यासाठी एक शब्दप्रयोग मांडला, त्याला आपण ‘सामाजिक मनीऑर्डर’ म्हणू. बाहेर गेलेली माणसं घरी नुसते पैसे पाठवत नाहीत, सवयी आणि कल्पनाही पाठवतात. आयर्लंडमध्ये १९७०च्या दशकात गेल्यांपेक्षा आलेले जास्त झाले, दुष्काळानंतर पहिल्यांदाच. इंग्लंडमध्ये नोकरी केलेली, स्वतःच्या पगाराची सवय झालेली बाई गावात परतली की गाव थोडं हलणारच. म्हणजे परदेशस्थ मंडळी बदलाच्या आड आली, आणि त्यांनीच बदल आणलाही.

चर्चबद्दल दोन आठवणी, एकाच बाकावर

माझ्या दृष्टीनं सगळ्यात अवघड गाठ इथं आहे, म्हणून जरा थांबून पाहू.

१९५०च्या दशकात लंडनच्या युस्टन स्टेशनवर उतरणारा अठरा वर्षांचा मुलगा कुणाला ओळखत नसे. त्याला राहायला खोली, खणकामावर रोजगार आणि रविवारी चार ओळखीचे चेहरे मिळत ते बहुधा पॅरिशमधून, म्हणजे त्या भागातल्या चर्चमधून. ब्रिटनमधल्या आयरिशांसाठी चर्चनं १९५७ साली खास व्यवस्था उभी केली, कॅम्डनमधलं लंडन आयरिश सेंटरही त्याच दशकातलं. पुढे १९७०च्या दशकात आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेनं इंग्लंडमध्ये केलेल्या बाँबस्फोटांनंतर आयरिश उच्चार कानावर पडला तरी लोक संशयानं बघत. बर्मिंगहॅमचे सहा निरपराध आयरिश पुरुष अशाच स्फोटांच्या आरोपाखाली १९७५मध्ये जन्मठेपेवर गेले आणि १९९१ साली सुटले. त्या सोळा वर्षांत अशा कैद्यांची बाजू घेणं धोक्याचं होतं, तरीही काही आयरिश पाद्री आणि सिस्टर सारा क्लार्क यांच्यासारख्या नन तुरुंगांच्या दारांशी खेपा घालत राहिल्या. ज्यानं हे पाहिलंय त्याच्यासाठी चर्च म्हणजे परक्या मुलखात पाठीशी उभा राहिलेला एकमेव हात.

त्याच पॅरिशमध्ये, कदाचित त्याच बाकावर, दुसरा माणूस बसलेला असे. तो आयर्लंडमधल्या चर्चच्या औद्योगिक शाळेत, म्हणजे गरीब आणि अनाथ मुलांना ठेवायच्या निवासी संस्थेत वाढलेला, मार खाल्लेला, सोळाव्या वर्षी सुटला आणि मिळेल त्या बोटीनं इंग्लंडला आलेला. अशा मुलामुलींची ब्रिटनमधली संख्या मोठी आहे. २००९ सालच्या रायन अहवालानं त्या शाळांमधला छळ आणि लैंगिक अत्याचार सविस्तर नोंदवला. २०२१मध्ये माता-बाल गृहांचा अहवाल आला. तपासलेल्या १८ संस्थांमध्ये सुमारे ९,००० मुलं दगावली होती. दोन हजारांहून जास्त मुलं दत्तक म्हणून अमेरिकेला पाठवली गेली, तीही एका अर्थी स्थलांतरितच, त्यांना कुणी विचारलं नव्हतं इतकंच.

देशात चर्चचा दबदबा गेला, १९६१ साली सुमारे ९५ टक्के असलेले कॅथलिक २०२२च्या जनगणनेत ६९ टक्क्यांवर आले, या बातमीनं पहिल्याला कुणीतरी आपलं गेल्यासारखं वाटतं. दुसऱ्याला वाटतं, उशिरा का होईना, मी खोटं बोलत नव्हतो हे मान्य झालं. दोघंही खरं बोलताहेत. आणि पुष्कळ माणसांच्या मनात हे दोघंही एकत्र राहतात. पहिल्याची आणखी एक वेदना असते. त्याच्या आईवडिलांचं आयुष्य आता सगळीकडे काळोखच काळोख म्हणून सांगितलं जातं. संध्याकाळची सामूहिक प्रार्थना, शेजाऱ्यांनी वाटून घेतलेलं गवत कापायचं काम, आईची श्रद्धा, हे सगळं त्या काळोखात बुडून जातं. जुन्या व्यवस्थेतला अन्याय मान्य करूनही माणसाला आपल्या आईसाठी थोडी जागा हवी असते.

बेळगाव आणि वराड

या बदलात आपल्या भागातल्या दोन गावांची नावं जोडली गेली आहेत. बेळगावहून गेलेली दंतवैद्य सविता हलप्पनवार ३१ वर्षांची होती आणि सतरा आठवड्यांची गरोदर. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाल्यावरही, त्याच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून, तिनं मागितलेला गर्भपात झाला नाही. जंतुसंसर्गानं २८ ऑक्टोबर २०१२ रोजी आयर्लंडमधल्या गॉलवेच्या रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. २०१८च्या मतदानाच्या वेळी डब्लिनमधल्या एका भिंतीवर तिचं मोठं चित्र होतं, आणि मत देऊन आलेल्या लोकांनी त्याच्याभोवती चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. कितीतरी चिठ्ठ्यांवर तिची क्षमा मागितलेली होती.

दुसरं गाव मालवण तालुक्यातलं वराड. तिथल्या घराण्यातला, मुंबईत जन्मलेल्या डॉक्टरांचा मुलगा लिओ वराडकर २०१७ साली आयर्लंडचा पंतप्रधान झाला. २०१५च्या जानेवारीत, सार्वमताआधी काही महिने, आपण समलिंगी आहोत हे त्यानं रेडिओवर सांगितलं होतं. त्याचे भारतीय वडील आणि आयरिश आई भेटले इंग्लंडमध्ये. म्हणजे ज्या देशातून माणसं बाहेर जात होती, तो बदलला त्यात बाहेरून आलेल्यांचाही वाटा आहे. एकीनं तर त्यासाठी जीव गमावला.

यावरही परदेशस्थांच्या मनात दोन सूर आहेत. आज आयर्लंडमध्ये राहणाऱ्या दर पाच माणसांत एकाचा जन्म देशाबाहेरचा आहे. अनेक जुने स्थलांतरित म्हणतात, आम्हालाही कुणीतरी आत घेतलं होतं, आता पाळी आपली. काहींना मात्र सुटीत गावी गेल्यावर रस्त्यावर अनोळखी भाषा ऐकून आपल्याच घरात पाहुणे झाल्यासारखं वाटतं. आणि कायदा या बाबतीत विचित्र आहे. २००४च्या सार्वमतात ७९ टक्के लोकांनी ठरवलं की केवळ आयर्लंडमध्ये जन्मलं म्हणून परदेशी आईबापांच्या मुलाला नागरिकत्व मिळणार नाही. पण आजी किंवा आजोबा आयर्लंडमध्ये जन्मलेले असतील, तर बॉस्टनमध्ये वाढलेल्या, तिथं कधी पाऊलही न ठेवलेल्या नातवाला नोंदणी करून नागरिक होता येतं.

आठवण हवी, मत नको

१९९० साली राष्ट्राध्यक्ष झालेल्या मेरी रॉबिन्सन यांनी आपल्या निवासस्थानाच्या खिडकीत एक दिवा कायम लावून ठेवला, गेलेल्यांसाठी. उत्तर आयर्लंडमधला संघर्ष मिटवणाऱ्या १९९८च्या शांतता करारानंतर घटनेतच लिहिलं गेलं की परदेशातल्या आयरिश वंशाच्या लोकांशी असलेलं नातं हे राष्ट्र जपतं. दिवा लागला, नातं मान्य झालं. मतपत्रिका मात्र आली नाही.

नियम असा आहे: परतायच्या इराद्यानं गेलेल्याचं नाव साधारण अठरा महिने मतदार यादीत राहू शकतं, तेही मत द्यायला स्वतः यावं लागतं. त्यानंतर काही नाही. राजनैतिक अधिकारी आणि सैनिक तेवढे अपवाद. आणि एक जुनी सोय, वरिष्ठ सभागृहातल्या विद्यापीठांच्या जागांसाठी पदवीधर परदेशातूनही टपालानं मत देऊ शकतात. म्हणजे शिकून गेलेल्याला थोडा आवाज, फावडं घेऊन गेलेल्याला शून्य. फ्रान्स आणि इटलीच्या संसदेत परदेशस्थांसाठी स्वतंत्र जागा आहेत. आयर्लंडची अडचणही खोटी नाही. देशाबाहेर इतके नागरिक आहेत की त्यांच्या मतांनी इथल्यांचे निर्णय फिरतील, आणि कर भरणार कोण, परिणाम भोगणार कोण, हा प्रश्न उरतो. निदान राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत तरी मत द्यावं असा प्रस्ताव सरकारनं २०१७ साली जाहीर केला, पण त्यासाठीचं सार्वमत पुढे पुढेच ढकललं गेलं. त्याआधी २०१३ साली ‘द गॅदरिंग’ नावाची पर्यटन मोहीम निघाली, जगभरच्या आयरिशांनी या वर्षी घरी यावं म्हणून. अभिनेते गेब्रिएल बर्न यांनी तिच्यावर उघड टीका केली. गेलेल्यांची आठवण फक्त त्यांच्या पाकिटासाठी होते, हा त्यांचा राग पुष्कळांच्या मनातला होता.

ज्याच्या हातात मत नाही, त्याच्याकडे फक्त भावना उरते. आणि निर्णयाचा भार नसलेली भावना टोकाची होते, कधी जुन्याच्या बाजूनं, कधी नव्याच्या. घरची माणसं मग म्हणतात, तू इथं राहत नाहीस, तुला काय कळतंय. ‘रिटर्न्ड यँक’ हा शब्द गावाकडे परत येऊन शहाणपण शिकवणाऱ्यासाठी कधीपासून रूढ आहे.

नव्या पिढीचं दुखणं वेगळं आहे. २००८च्या मंदीनंतर गेलेली मुलं रोज व्हिडिओ कॉलवर घरी असतात. त्यांचं घड्याळ थांबलेलंच नाही. देश मोकळा झाला याचा त्यांना मनापासून अभिमान आहे. पण डब्लिनमध्ये भाडं परवडत नाही म्हणून परतता येत नाही. एप्रिल २०२४पर्यंतच्या वर्षात ३० हजार आयरिश नागरिक परत आले, आणि त्याहून जास्त गेले. सगळ्या देशांचे नागरिक धरून, एकट्या ऑस्ट्रेलियाला १० हजार ६०० जण गेले. आजीला घर असूनही तिथं मनासारखं जगता आलं नाही. नातीला मनासारखं जगता येईल, पण घर नाही.

मे २०१८च्या त्या मतदानासाठी मात्र, ज्यांचे अठरा महिने अजून भरले नव्हते, ती मुलंमुली जगभरातून आली. काही विमानानं, काही वेल्समधल्या होलीहेड बंदरातून बोटीनं. इतकी वर्षं याच वाटेनं बायका उलट दिशेनं जात होत्या. डब्लिनच्या विमानतळावर अनोळखी लोक फलक घेऊन त्यांच्या स्वागताला उभे होते.

अकरा दिवसांनी, ५ जूनला, आणखी काही जणी आल्या. मॅग्डलेन लाँड्रीतून वाचलेल्या दोनशेहून जास्त स्त्रियांना डब्लिनमध्ये सन्मानानं बोलावलं होतं. राष्ट्राध्यक्ष मायकेल हिगिन्स यांनी त्यांची माफी मागितली. त्यांतल्या कितीतरी इंग्लंडहून, काही अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाहून आलेल्या. परदेशातून आलेल्या या बायकांना मत द्यायचा अधिकार केव्हाच उरला नव्हता. संध्याकाळी महापौरांच्या निवासस्थानासमोर त्यांच्या बस थांबल्या, तेव्हा फुटपाथवर गर्दी होती. त्या एकेक करून उतरल्या, काही काठी टेकत, आणि रस्त्यावरची माणसं टाळ्या वाजवत राहिली.